आकडा कुठे उभा आहे?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज इथे जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी विद्यार्थी म्हणून बसलेलो आहे. त्यांची एक सवय त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवत असेल. फळ्यावर एखादा आकडा लिहिला की सर त्याच्याखाली खडूने एक आडवी रेघ ओढायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "हा आकडा कुठे उभा आहे?" म्हणजे हा कुणी मोजला, कुठल्या जागी मोजला, मोजताना काय धरलं आणि काय सोडलं. वर्गातून उत्तर येईपर्यंत ती रेघ तशीच रिकामी राहायची. आज मी बोलणार आहे ते त्या रिकाम्या रेघेबद्दल.

पत्रिकेत विषय छापला आहे तो असा: जुन्या संगणकांतल्या डिस्कचा वेग आणि प्रकाशतंतूंच्या जाळ्याचा वेग यांचा मेळ कसा घालायचा. कुणाला वाटेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? आठने गुणा, आठने भागा, झालं. आठाचा पाढा आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केला आहे. पण मी माझी सगळी नोकरी या एका गुणाकाराच्या आजूबाजूला केली, आणि शेवटी माझ्या लक्षात आलं ते एवढंच: गुणाकार कुणाचा चुकत नाही. चुकतो तो आकडा उचलताना.

हा विषय जबलपुरात बोलावा याला कारण आहे. संदेश पाठवणं हे या गावाचं जुनं काम. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, दूरसंचाराचं प्रशिक्षण केंद्र इथे उभं राहिलं. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. लष्कराच्या सिग्नल दलाचे जवान इथे घडतात. इथे टेलिकॉम फॅक्टरी आहे. आणि त्याच्याही आधी, १८७० मध्ये, मुंबईहून येणारी जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे या दोन लोहमार्गांची गाठ पडली ती जबलपुरातच. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी इथे आले होते. दोन्ही मार्गांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एकच, साडेपाच फूट. म्हणून गाडी सरळ पलीकडे जाऊ शकली. हे गेज आजच्या व्याख्यानात पुन्हा येणार आहे, तेवढं लक्षात असू द्या.

आता मुद्द्यांकडे येतो. पहिला मुद्दा बिट आणि बाइटचा.

एक अनुभव सांगतो. एका कार्यालयातली चार जीबीची डिस्क दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात पाठवायची होती. जोडणीची जबाबदारी माझी. संगणक कक्षातल्या सहकाऱ्यानं फोनवर विचारलं, "लाइन कितीची आहे?" मी म्हणालो, "दोन एमबीची." आमच्या खात्यात सगळे तसंच म्हणत. ज्या जोडणीचं खरं नाव ई-१, तिला लाइनमनपासून इंजिनिअरपर्यंत सगळे 'दोन एमबी' म्हणतात. त्यानं कागदावर भागाकार केला: सेकंदाला दोन एमबी, म्हणजे चार जीबीला दोन हजार सेकंद, म्हणजे साधारण तेहेतीस मिनिटं. त्यानं आपल्या साहेबांना सांगितलं, अर्ध्या तासात काम होईल, खिडक्या वेळेवर उघडा. काम संपायला पाच तास लागले. खिडकीबाहेर माणसं उभी होती. त्यांत निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी लांबून आलेली म्हातारी माणसं होती.

कोण चुकलं? मी बिट म्हणालो, त्यानं बाइट ऐकलं. आपापल्या खोलीत दोघेही बरोबर होतो. तारेवर काम करणारा माणूस बिट मोजतो, कारण तारेतून खुणा एकामागून एक जातात. तारायंत्रापासूनची ती रीत आहे: कड, कट्ट, कड. साठवणीवर काम करणारा माणूस बाइट मोजतो, कारण त्याला अक्षरं ठेवायची असतात, आणि आठ बिटांचं एक अक्षर. धान्य पोत्यांत मोजणारा आणि दाण्यांत मोजणारा, असे हे दोघे. आणि दोघांनी आपल्या मापाला एकच हाक ठरवलेली आहे: एमबी!

तुमच्या घरी आता फायबर आलेलं असेल. शंभराचा प्लॅन घेतला असेल. तो शंभर बिटांचा आहे, सेकंदाला शंभर दशलक्ष बिट. जुन्या डिस्कच्या लेबलवर 'अल्ट्रा एटीए १००' लिहिलेलं असतं, तिथला शंभर बाइटचा आहे. आकडा तोच, पण एक दुसऱ्याच्या आठपट. रेघ रिकामी ठेवली की असं होतं.

दुसरा मुद्दा हजाराचा. हजार म्हणजे किती?

प्रश्न विचित्र वाटेल. पण संगणकाच्या जगात हजार दोन आहेत. एक आपला नेहमीचा हजार. दुसरा दोनाची दुप्पट-दुप्पट करत गेलं की दहाव्या पायरीवर येणारा, एक हजार चोवीस. दूरसंचारवाले कायम पहिला वापरत आले. संगणकाची स्मृती मोजणारे दुसरा वापरत आले. डिस्क विकणारे पहिला वापरतात आणि ती डिस्क ज्या संगणकाला जोडता, तो बहुधा दुसरा वापरतो. म्हणून चाळीस जीबीची डिस्क जोडली की पडद्यावर सदतीस दिसते. दुकानदारानं फसवलं नाही आणि डिस्कही खराब नाही. चाळीस अब्ज बाइट तिथे आहेतच. फक्त हजार बदलला.

आता तुम्हाला एक फ्लॉपी दाखवतो. मागच्या रांगेत दिसणार नाही, पण ही साडेतीन इंची फ्लॉपी तुम्ही सगळ्यांनी हाताळली आहे. हिच्यावर १.४४ एमबी असं लिहिलेलं असे. आपण मोजू या. हिला दोन बाजू. प्रत्येक बाजूवर ऐंशी वर्तुळं. प्रत्येक वर्तुळात अठरा खंड. प्रत्येक खंडात पाचशे बारा बाइट. गुणाकार करा: चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे साठ. नेहमीच्या हजारानं मोजलं तर हे १.४७ होतं. दुसऱ्या हजारानं मोजलं तर १.४१. मग १.४४ आलं कुठून? एकदा एक हजार चोवीसने भागलं, आणि त्या उत्तराला पुन्हा साध्या हजारानं भागलं, तेव्हा १.४४ आलं. दोन पायऱ्या चढायच्या, एक पाऊल एका मापाचं आणि दुसरं दुसऱ्या मापाचं! जगभरातल्या कोट्यवधी फ्लॉप्यांवर कोणत्याही एका मापात न बसणारा आकडा छापला गेला आणि आपण तो पाठ केला. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानं एक हजार चोवीसच्या मापांना वेगळी नावं दिली, किबी, मेबी, गिबी. नावं चांगली आहेत, पण बाजारात ती अजून रुळलेली नाहीत.

हा घोळ फक्त संगणकाचा आहे असं समजू नका. पावसाळ्यात नर्मदेवरच्या बरगी धरणाचे दरवाजे उघडले की ग्वारीघाटावर राहणाऱ्यांचा जीव आकड्यावर टांगलेला असतो. पाणी किती सोडलं? कुणी क्युसेक सांगतं, कुणी क्युमेक. एक क्युमेक म्हणजे पस्तीसहून जास्त क्युसेक. पुण्याच्या नातेवाइकांना खडकवासल्याच्या क्युसेकची सवय असते. ते इथला क्युमेकचा आकडा ऐकतात आणि म्हणतात, एवढंसंच तर पाणी आहे! माप न सांगता आकडा सांगितला तर ऐकणारा त्याला आपलंच माप लावतो.

तिसरा मुद्दा सगळ्यांत मोठा. त्याला मी वजाबाकी म्हणतो.

जी 'दोन एमबी' लाइन मी सांगितली, तिचा खरा वेग सेकंदाला २.०४८ दशलक्ष बिट. हे २.०४८ कुठून आलं? माणसाचं बोलणं टेलिफोनवरून पाठवताना त्याचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतात. प्रत्येक नमुना आठ बिटांचा. आठ आठी चौसष्ट: एका माणसाच्या बोलण्याला चौसष्ट हजार बिट. असे बत्तीस कप्पे एकत्र केले की २.०४८. पण बत्तीस माणसं बोलू शकतात का? नाही. बोलतात तीस. एक कप्पा ताल धरण्यासाठी ठेवलेला असतो, की इथून नवी फेरी सुरू झाली. दुसरा कप्पा कुणी फोन उचलला, कुणी ठेवला, हे कळवतो. सर सांगायचे, "ते दोन कप्पे एक शब्दही बोलत नाहीत. ते काढून घ्या, उरलेल्या तिसांचं बोलणं कुणाला कळणार नाही." आपल्या देशात आवाज अशा कप्प्यांत घालून पाठवण्याची सुरुवात १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी यांच्या टेलिफोन केंद्रांमध्ये झाली. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, पुण्यात स्थानिक टेलिफोन केंद्रांमधली देशातली पहिली प्रकाशतंतू जोडणी सुरू झाली. तांब्याची तार गेली, काचेचा तंतू आला. पण ते सेकंदाला आठ हजार तसेच राहिले.

ते किती खोल रुजले पाहा. १९८८ मध्ये प्रकाशतंतूंच्या जाळ्यासाठी जगानं एक मानक ठरवलं. त्याची पहिली पायरी एसटीएम-१. तिचा वेग सेकंदाला १५५.५२ दशलक्ष बिट. हा चमत्कारिक आकडा कुठला? त्यात एक चौकट असते, नऊ ओळी आणि दोनशे सत्तर रकाने, आणि ती चौकट सेकंदाला किती वेळा जाते? आठ हजार वेळा! आज त्यातून चित्रपट जातो, बँकेचे व्यवहार जातात, पण चौकटीची लय माणसाच्या बोलण्यानं घालून दिलेली आहे. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. यंत्रं किती बदलली, पण मूळ माप कुणाच्या तरी "हॅलो"साठी घेतलेलं होतं.

आता वजाबाकी करू. १५५.५२ ला आठने भागलं की सेकंदाला १९.४४ एमबी. विद्यार्थी इथे थांबतो. पण दोनशे सत्तर रकान्यांतले नऊ जाळ्याच्या कारभारासाठी आणि आणखी एक त्या वाटेच्या देखरेखीसाठी. उरले दोनशे साठ. म्हणजे १८.७२. त्या काळी याच्यावरून माहिती पाठवायची तर ती बहुतेक वेळा त्रेपन्न बाइटच्या पुडक्यांत बांधत, आणि त्रेपन्नातले पाच पत्त्याचे. उरले अठ्ठेचाळीस. म्हणजे जेमतेम १६.९५. आणि आता जुनी डिस्क आठवा. १९९० च्या दशकाच्या मध्यातली आयडीई डिस्क तिच्या वेगवान पद्धतीत, पीआयओ मोड ४ मध्ये, सेकंदाला जास्तीत जास्त १६.७ एमबी देई. बघा काय झालं! एकावर लिहिलं आहे १५५, दुसऱ्यावर १६.७. आकडे पाहून या दोघांची गाठ पडेल असं कुणाला वाटेल? पण रेघ भरत गेलो तर दोघे जवळजवळ एकाच उंचीवर उभे आहेत.

याच्या उलट उदाहरण देतो, म्हणजे आठाचा पाढा कुठे दगा देतो ते कळेल. आयडीईनंतर साटा डिस्क आल्या. पहिल्या साटाचा वेग १.५ गिगाबिट. आठने भागा, १८७.५ एमबी येतात. पण ती डिस्क देते जास्तीत जास्त दीडशे. उरलेले साडेसदतीस कुठे गेले?

ते तालात गेले. गाण्याच्या बैठकीला तुम्ही जाता. ठेका चालू असेल तर समेवर येणं सोपं. पण तबला बराच वेळ गप्प राहिला तर तुमच्या मनातली मात्रा हळूहळू सरकते. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या यंत्राचं तसंच होतं. लागोपाठ शून्यच येत राहिली तर ते किती आली याचा हिशेब विसरतं. म्हणून प्रत्येक आठ बिटांच्या जागी दहा बिट पाठवतात, असे दहा निवडून, की त्यांत शून्य-एकाची आवर्तनं होत राहतील. १९८३ मध्ये आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाशेक या दोघांनी ही रीत मांडली. म्हणून साटाला आठाने नव्हे, दहाने भागायचं. दीडशे आले ना?

आता ऐका. तंतूवरच्या गिगाबिट इथरनेटमध्ये हीच रीत आहे. तिथेही आठाचे दहा होतात. मग तिथेही दहाने भागायचं का? नाही, तिथे आठानेच भागायचं! कारण गिगाबिट इथरनेटच्या तंतूवरून प्रत्यक्षात १.२५ गिगाबिट धावतात, आणि त्यांनी वजाबाकी आधी करून मगच नाव ठेवलं, एक गिगाबिट. साटावाल्यांनी वजाबाकीच्या आधीचा आकडा नावात घेतला. एका घरात पगार सांगतात तो कापण्याआधीचा, दुसऱ्या घरात हातात येणारा. दोघेही खरं बोलतात. पण या दोन पगारांची तुलना करून लग्न जमवायला बसलात तर नंतर भांडण ठरलेलं. एकच रीत, एकच प्रमाण, आणि भागाकार मात्र वेगळा, कारण आकडा वेगळ्या जागी उभा आहे. मला जर कुणी सगळ्या व्याख्यानातलं एकच उदाहरण ठेवायला सांगितलं, तर मी हे ठेवीन.

चौथा मुद्दा अरुंद जागेचा.

भेडाघाट तुम्हाला मी सांगायला नको. धुवांधारच्या वर नर्मदा ऐसपैस पसरलेली असते, आणि पुढे संगमरवरी कड्यांमध्ये इतकी आवळली जाते की एका जागेला बंदरकूदनी म्हणतात, माकडानं उडी मारून ओलांडावी अशी. पण तिथून पाणी तेवढंच जातं. नदी अरुंद झाली की खोल होते. तारेला मात्र खोल होता येत नाही. तारेतली सगळ्यांत अरुंद जागा जेवढं सोडेल तेवढंच पुढे जाणार, मागे समुद्र असला तरी.

जुन्या आयडीई डिस्कची ती करडी पट्टी आठवते? पातळ, चपटी, चाळीस तारांची. तिच्यातून सोळा बिट एकदम जात, खांद्याला खांदा लावून. वेग वाढवला तसं या सोळांना एका ओळीत ठेवणं अवघड झालं. दिंडी चालते तोवर ओळी सरळ असतात. तिला धावायला लावा, ओळ मोडते. मग प्रत्येक तारेच्या शेजारी एक रिकामी तार घालून ऐंशी तारांची पट्टी केली, तरीही तिची लांबी दीड फुटाच्या पुढे नेता आली नाही. शेवटी सेकंदाला १३३ एमबीवर ती वाट संपली, आणि सगळे एकेरी रांगेकडे वळले. एकेरी रांग ही तर तारायंत्राची जुनी रीत! साठवणवाले वळसा घालून तारवाल्यांच्या वाटेवर आले.

आता दोन वेगवेगळ्या मापांच्या वाटा जोडायच्या तर काय लागतं? इथे मला गेज आठवतं. १८७० मध्ये दोन सारख्या गेजच्या रेल्वे जुळल्या, गाडी सरळ गेली. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून अडीच फुटी लाइन जबलपुरात आली. आपली छोटी लाइन. ती लाइन रुंद झाली, तरी छोटी लाइन फाटक हे नाव गावात आजही आहे. त्या लाइनच्या दिवसांत मोठ्या वाघिणीतला माल उतरवून छोट्या वाघिणीत चढवावा लागे. त्यासाठी मालधक्का हवा, हमाल हवेत, आणि दोन्ही गाड्यांच्या वेळा जुळेपर्यंत माल ठेवायला जागा हवी. डिस्क आणि तंतू यांच्यामध्ये हेच होतं. ज्याला आम्ही बफर म्हणतो तो मालधक्काच आहे. अंकगणितात रूपांतर एका ओळीत होतं. प्रत्यक्षात रूपांतराला जागा लागते, वेळ लागतो आणि कष्ट लागतात.

माझ्याजवळ आपल्या गणेशोत्सवातल्या व्याख्यानांच्या आणि कीर्तनांच्या ध्वनिमुद्रणांची एक डिस्क होती. चाळीस जीबीची, आयडीई. कॅसेटवरून एकेक करून त्यात उतरवलेली. ती मला पुण्याला पाठवायची होती. लेबलवर लिहिलं होतं शंभर. म्हणजे चाळीस हजार भागिले शंभर, चारशे सेकंद, पावणेसात मिनिटंसुद्धा नाहीत. पण तो शंभर करड्या पट्टीचा. आतली तबकडी फार तर चाळीस देते, आणि तबकडीच्या मध्याकडे जाल तसं त्याच्या अर्ध्यावर येतं. जुनी डिस्क नव्या संगणकाला जोडायला यूएसबीचा अडॅप्टर घेतला, तो तीस-पस्तीस देणारा. आणि पुढे फायबर, शंभराचंच, पण बिटांचं: म्हणजे साडेबारा. त्यातून पुडक्यांवरचे पत्ते वजा केले. तारेवर १५३८ बाइट जातात तेव्हा आपला माल असतो १४६०. उरले ११.९. म्हणजे छप्पन मिनिटं. सर असते तर म्हणाले असते, आता तुझी रेघ भरली.

पण छप्पन मिनिटांत झालं का? नाही झालं. रात्र लागली. डिस्क म्हातारी होती. एखादा खंड वाचता आला नाही की ती पुन्हा प्रयत्न करायची, पुन्हा, पुन्हा. तेव्हा तिचा खटखट आवाज येई आणि पडद्यावरचा आकडा शून्यावर येऊन थांबे. मी अंधारात तिच्याजवळ बसून होतो. पहाटे बाकी सगळं पोचलं, दोन फाइल्स पोचल्या नाहीत. त्यातली एक ज्यांच्या कीर्तनाची होती, ते बुवा आता हयात नाहीत. त्यांचा आवाज कुठल्याच वेगात बसला नाही.

पाचवा मुद्दा छोटा आहे. रुंदी म्हणजे घाई नव्हे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई रेल्वेनं हजार किलोमीटरच्या आसपास. तंतू तेवढाच लांब धरला तर संदेश पोचायला पाच सहस्रांश सेकंद लागतात. कमी वाटतं? आता जुन्या डिस्ककडे पाहा. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी हवा तो खंड सुईखाली येण्याची वाट पाहते, सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच सहस्रांश सेकंद. तबकडी अर्धी वळेपर्यंत प्रकाश मुंबईला पोचलेला असतो! मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा पुन्हा गणित केलं, कारण विश्वास बसेना. दूर कुठलं आणि जवळ कुठलं, हेही कुठे उभं राहून मोजता त्यावर ठरतं.

मित्रहो, आता थोडक्यात. कुणी वेगाचा आकडा सांगितला तर एवढं विचारा: बिट की बाइट? हजार कुठला? पत्त्याचे आणि तालाचे बिट धरले आहेत की वगळले आहेत? आणि वाटेतली सगळ्यांत अरुंद जागा कोणती? एवढी उत्तरं मिळाली की आठाचा पाढा येणारं मूलसुद्धा हा हिशेब बरोबर करील.

पण हे फक्त अभियंत्यांनी करायचं काम आहे का? देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. आजच्या भारतनेटची ती सुरुवात. पंचायतीला शंभर एमबीपीएस असं तेव्हा ठरलं. गावातल्या माणसाला तो शंभर ऐकवला जातो. तो कुठला शंभर, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि न विचारता सांगणं हे आपलं, ज्यांना कळतं त्यांचं, कर्तव्य आहे. त्या दिवशी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे मी विसरलेलो नाही. मी 'दोन एमबी' म्हणालो तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द कमी पडला होता. बिट, एवढाच. त्याची किंमत त्यांनी पाच तास उभं राहून दिली.

शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एखादी जुनी डिस्क असेल. लग्नाचे फोटो असतील, आजीचा आवाज असेल, कुणाचा प्रबंध असेल. करडी पट्टी जोडता येणारे संगणक कमी होत चालले आहेत आणि तबकड्या म्हाताऱ्या होत आहेत. या आठवड्यात ती खाली काढा. नवी जागा देऊन, तिच्यातलं सगळं हलवा. हलवायला किती वेळ लागेल ते आता तुम्हाला काढता येईल. आणि हलवून झालं की नव्या डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा. त्यात काय आहे, कुठून आणलं, कधी आणलं, काय आणता आलं नाही, ते लिहा. माझ्या डिस्कवरच्या चिठ्ठीत शेवटी दोन फाइल्सची नावं आहेत. त्यांच्याखाली मी एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे. ती कॅसेट कुणाच्या घरी अजून असेल, तर ती रेघ भरायची आहे.